सोन्याचे नॅनोरॉड लेझरखाली: पहिली चाचणी कशी घ्यावी

‘रॉड टाकले, लेझर मारला, कॅन्सरच्या पेशी मेल्या’ असं सांगत विद्यार्थी येतात, तेव्हा मी आधी विचारते: नुसता लेझर मारून पाहिलात का? रॉड म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म दांडके. ते लेझरचा प्रकाश शोषून तापतात आणि त्या उष्णतेने पेशी मरतात. मारलं कोणी, रॉडनी की लेझरने, हे कळल्याशिवाय त्या निकालाला अर्थ नाही. एमएस्सीच्या मुलांना मी ही चाचणी शिकवते ती अशी.

सुरुवात स्पेक्ट्रमने, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं त्या आलेखाने. रॉडची दोन शिखरं दिसतात. एक ५२० नॅनोमीटरच्या आसपास. दुसरं, रॉडच्या लांबीमुळे येणारं, आपल्याला ८०० जवळ हवं, कारण तिथला प्रकाश रक्त आणि पाणी दोन्ही कमी शोषतात आणि तो शरीरात खोलवर जातो. दुसरं शिखर पसरट झालं असेल तर रॉड एकमेकांना चिकटलेत, ती बाटली बाद. तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर मात्र फेकू नका. थंडीने गोठलेला सीटॅब आहे तो, रॉड बनवताना वापरलेला साबणासारखा पदार्थ. ३० अंशांच्या पाण्यात बाटली ठेवली की विरघळतो.

हा सीटॅब अंधारातही पेशी मारतो. म्हणून सेंट्रिफ्यूज करून तो काढा, रॉडना थायॉल-पेगचं (सोन्याला चिकटणाऱ्या, पेशींना न मारणाऱ्या पॉलिमरचं) आवरण द्या, आणि स्पेक्ट्रम पुन्हा घ्या.

८०८ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्याच तरंगलांबीचा गॉगल खोलीतल्या प्रत्येकाने घालायचा. अंगठी, घड्याळ, बांगड्या बाहेर काढून या. चकचकीत धातूवरून किरण उलटतो. इथे मी कुणालाही सवलत देत नाही.

पॉवर मीटर नमुन्याच्याच जागी धरा आणि आलेले वॅट ठिपक्याच्या क्षेत्रफळाने भागा. संशोधनाच्या पेपरांत चौरस सेंटीमीटरला १ वॅट सर्रास दिसतो. त्वचेसाठीची मर्यादा मात्र सुमारे ०.३३ वॅट आहे. हा आकडा वहीत वरच लिहून ठेवा.

क्युवेटमध्ये (छोट्या पारदर्शक भांड्यात) १ मिलिलिटर द्रावण घ्या. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) किरणाच्या वाटेत आला तर तार स्वतःच तापते आणि तापमान फुगून दिसतं, म्हणून तो बाजूला बुडवा. दहा मिनिटं लेझर, दर ३० सेकंदांनी नोंद. लेझर बंद केल्यावरही उठू नका. उष्णतेची कार्यक्षमता निवण्याच्या आलेखावरूनच निघते. मग हेच सगळं नुसत्या पाण्यावर.

पेशींचे गट चार: काहीच नाही, फक्त रॉड, फक्त लेझर, दोन्ही. नंतर कॅल्सीन आणि प्रोपिडियम आयोडाइडने रंगवा. जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. चौथ्या गटात लेझर पडला तिथे लाल गोल आणि भोवती हिरवं, बाकी तिन्ही गट हिरवेगार, असं दिसलं की मला खरा आनंद होतो.

माणसांवरही हेच तत्त्व पाळलं गेलंय. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी विकसित केलेले सोन्याचे नॅनोशेल (सोन्याचं कवच असलेले सूक्ष्म गोल कण) प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांना दिले गेले. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ एमआरआयने हेरलेली होती आणि लेझरची ताकद मुद्दाम एवढी कमी ठेवली होती की नुसत्या लेझरने ऊती जळू नयेत.

शेवटी लेझर खाल्लेल्या द्रावणाचा स्पेक्ट्रम घ्या. ८०० चं शिखर खचलं आणि रंग लालसर झाला असेल तर रॉड वितळून गोल झालेत. अशा वेळी ताकद कमी करा आणि ताज्या रॉडवर पाण्यापासून पुन्हा सुरू करा.