जिल्हा परिषद शाळेच्या खोल्यांसाठी आणि दुरुस्तीसाठी शासकीय निधी कसा मिळवावा

शाळेचे छत गळू लागले की गावात साधारणपणे दोनच गोष्टी होतात. कुणीतरी आमदारांकडे निवेदन घेऊन जाते, नाहीतर लोकवर्गणीची यादी फिरू लागते. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध नाही. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत सुस्थितीत ठेवणे ही शासनाची आणि जिल्हा परिषदेची जबाबदारी आहे आणि त्यासाठी दरवर्षी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली पैसा उपलब्ध होतो, ही गोष्ट अनेक गावांपर्यंत पोहोचलेलीच नसते. तो पैसा बहुतेक वेळा अशा शाळांकडे जातो, ज्यांचा प्रस्ताव यादी तयार होण्याच्या आधी सर्व कागदांसह पंचायत समितीत पोहोचलेला असतो. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे येथे सांगितले आहे. खाजगी अनुदानित शाळा आणि नगरपालिकांच्या शाळा यांची व्यवस्था वेगळी असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

कायद्याचा आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीचे निकष दिले आहेत. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय व भांडारासाठी मुख्याध्यापकांची खोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, आहार शिजवण्यासाठी स्वयंपाकगृह, क्रीडांगण आणि संरक्षक भिंत किंवा कुंपण यांचा त्यात समावेश आहे. आपल्या शाळेत यांपैकी काय नाही, याची नोंद करताना ‘सोयी अपुऱ्या आहेत’ असे मोघम लिहू नये. अनुसूचीतील कोणता निकष पूर्ण होत नाही, हे नेमके लिहावे, कारण मग ती विनंती न राहता कायदेशीर मागणी होते.

याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल, असे त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. दुर्दैवाने पुष्कळ शाळांत हा आराखडा मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवून घेतला जातो आणि पालक सदस्य तो न वाचताच सही करतात. निधीचा सगळा मार्ग येथून सुरू होत असल्याने हा कागद समितीने एकत्र बसून, शाळेच्या प्रत्येक खोलीत जाऊन तयार करावा.

पाहणी पावसाळ्यातच करावी

इमारतीचे खरे दुखणे जुलै-ऑगस्टमध्येच दिसते. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत तेव्हा खालपासून ओल धरते, स्लॅबवर पाणी कुठे साचते ते कळते आणि कौलारू शाळेत कोणत्या वाशाला वाळवी लागली आहे तेही ध्यानात येते. जोराचा पाऊस चालू असताना किंवा तो थांबल्याबरोबर समितीने पाहणी करून छायाचित्रे काढावीत. प्रत्येक छायाचित्रावर तारीख, ठिकाण आणि खोलीचा क्रमांक असावा. गळतीचे एक छायाचित्र खोलीच्या आतून आणि त्याच जागेचे दुसरे स्लॅबवरून काढल्यास पाणी कुठून येते हे अभियंत्याला लगेच समजते.

त्यानंतर समितीची सभा घेऊन ठराव करावा. ‘शाळेची दुरुस्ती व्हावी’ एवढ्याच ठरावाचा फारसा उपयोग होत नाही. ठराव साधारण असा असावा (त्यातील ‘निर्लेखित करणे’ म्हणजे खोली वापरास अयोग्य ठरवून नोंदीतून काढून टाकणे) :

‘खोली क्र. ३ च्या स्लॅबला गळती असून दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात गिलावा निखळून सळया उघड्या पडल्या आहेत. ही खोली दि. … पासून वापरात नाही. तेथे बसणारे इयत्ता तिसरीचे … विद्यार्थी सध्या व्हरांड्यात बसतात. सदर खोलीची तांत्रिक पाहणी करून ती दुरुस्तीयोग्य आहे किंवा निर्लेखित करणे आवश्यक आहे याचा लेखी अहवाल उपअभियंता, बांधकाम उपविभाग यांच्याकडून मागवावा व त्यानुसार अंदाजपत्रकासह प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे सादर करावा, असे सर्वानुमते ठरले. सूचक … अनुमोदक …’

मुले सध्या कुठे बसतात, हे वाक्य ठरावातून कधीही गाळू नये. यादीत कोणती शाळा वर घ्यायची हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे बहुतेक वेळा फक्त आकडे असतात आणि त्या आकड्यांमागची अडचण त्याला या एका वाक्यातून कळते.

यू-डायसची नोंद तपासून घ्यावी

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि शाळेची सर्व माहिती दरवर्षी त्या प्रणालीत भरली जाते. त्यात प्रत्येक खोली चांगल्या स्थितीत आहे, तिला किरकोळ दुरुस्ती हवी आहे, की मोठी दुरुस्ती हवी आहे, अशी नोंद असते. समग्र शिक्षा या केंद्र व राज्य शासनाच्या शालेय शिक्षण योजनेचा वार्षिक आराखडा प्रामुख्याने याच माहितीवर बेतलेला असतो. घाईत भरलेल्या माहितीत धोकादायक खोलीही ‘चांगली’ म्हणून नोंदली गेली, तर वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने त्या शाळेची अडचण अस्तित्वातच नसते. या माहितीसाठी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरली जाते. म्हणून माहिती अंतिम होण्यापूर्वी समितीने मुख्याध्यापकांकडून भरलेल्या नमुन्याची प्रत घेऊन ती आपल्या पाहणीशी ताडून पाहावी.

जागेचे कागद, पाहणी अहवाल आणि अंदाजपत्रक

नवीन खोलीचा प्रस्ताव सर्वांत जास्त अडतो तो जागेवर. अनेक गावांत शाळेची जागा दोन-तीन पिढ्यांपूर्वी कुणा दात्याने तोंडी दिलेली असते, सातबारा अजून त्याच्या वारसांच्या नावावर असतो आणि निधी मंजूर झाल्यावर हरकत येऊन काम थांबते. म्हणून सातबारा उतारा किंवा ग्रामपंचायतीचा मालमत्ता नोंदीचा उतारा आधीच काढून पाहावा आणि शाळेचे नाव नसेल तर वारसांशी बोलून बक्षीसपत्र करून घ्यावे. हे काम वेळखाऊ आहे, परंतु ते गावातल्या जाणत्या माणसांनीच करण्यासारखे आहे. त्यासाठी निधीची वाट पाहू नये.

तांत्रिक पाहणीत खोली धोकादायक ठरली तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. निर्लेखनाला मंजुरी मिळाल्याशिवाय जुनी खोली पाडता येत नाही. शिवाय कागदोपत्री ती खोली उभी असेपर्यंत शाळेकडे पुरेशा खोल्या आहेत असेच दिसते आणि नव्या खोलीची मागणी मागे पडते. म्हणून निर्लेखनाचा आणि नवीन बांधकामाचा प्रस्ताव एकाच वेळी पुढे न्यावा. दरम्यानच्या काळात त्या खोलीला कुलूप लावून ‘धोकादायक, प्रवेश बंद’ असा फलक लावणे ही मुख्याध्यापकांची आणि समितीची तातडीची जबाबदारी आहे.

दुरुस्तीयोग्य खोलीसाठी शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता मोजमापे घेऊन प्रचलित दरसूचीनुसार अंदाजपत्रक तयार करतात. मोजमापांच्या दिवशी समितीच्या किमान दोन सदस्यांनी हजर राहावे आणि अंदाजपत्रक झाल्यावर त्यातील बाबी अभियंत्याकडून समजून घ्याव्यात. येथे एक चूक वारंवार होते. गळक्या स्लॅबच्या अंदाजपत्रकात खालचा गिलावा आणि रंगकाम असते, परंतु वरचा ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवण्यासाठी स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर), स्लॅबचा उतार आणि पावसाचे पाणी खाली नेणारे पाइप यांचा उल्लेख नसतो. अशी खोली रंगवल्यावर देखणी दिसते आणि पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा गळते. तसेच भिंतीला खालून ओल येत असेल तर जोत्याभोवतीचे संरक्षण आणि पाणी वाहून नेणारी गटार या बाबी अंदाजपत्रकात आहेत का ते पाहावे. उघड्या पडलेल्या सळयांवरील गंज काढून त्यांना संरक्षक लेप देण्याची बाबही वेगळी दाखवलेली असावी. बाबी अपुऱ्या असल्यास त्याच वेळी लेखी कळवावे, कारण प्रशासकीय मान्यता मिळाल्यानंतर त्यात बदल करणे फार अवघड असते.

पैसा कोणत्या शीर्षाखाली मागावा

किरकोळ दुरुस्तीसाठी सर्वांत जवळचा पैसा म्हणजे समग्र शिक्षेतून शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. योजनेच्या निकषांनुसार हे अनुदान पटसंख्येवर ठरते. ३० पर्यंत पट असल्यास १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये अशी वर्षाची कमाल मर्यादा आहे. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. वीजबिल, खडू, फळा असे सगळे याच रकमेतून भागवायचे असल्याने वीस मुलांच्या वाडीवरच्या शाळेत दुरुस्तीसाठी काहीच उरत नाही. इमारत मात्र पट पाहून गळत नाही आणि हा निकष लहान शाळांवर अन्याय करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा शाळांनी म्हणूनच पुढच्या मार्गांकडे अधिक लक्ष द्यावे.

मोठ्या कामांसाठी मुख्य मार्ग जिल्हा वार्षिक योजनेचा आहे. पालकमंत्री हे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. या योजनेत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या इमारतींचे बांधकाम आणि विशेष दुरुस्ती यांसाठी तरतूद केली जाते. कामांची यादी शिक्षण विभागाकडून पुढे जाते, म्हणून आपला प्रस्ताव केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या क्रमाने यादीपर्यंत पोहोचला की नाही याचा पाठपुरावा करावा. प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्यावी. आदिवासी भागातील शाळांसाठी आदिवासी घटक कार्यक्रमातूनही मागणी करता येते. नव्या वर्गखोल्या समग्र शिक्षेच्या वार्षिक आराखड्यातूनही मंजूर होतात.

स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी यांसाठी ग्रामपंचायतीकडे जावे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या निधीपैकी ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला होता आणि त्या निधीतून अनेक ग्रामपंचायतींनी शाळांची स्वच्छतागृहे बांधली. हा निधी मिळण्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावे लागते, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला पालकांनी, विशेषतः मुलींच्या मातांनी, मोठ्या संख्येने हजर राहून काम नोंदवून घ्यावे. सभा संपल्यानंतर इतिवृत्तात ते लिहिले गेले आहे की नाही, हेही त्याच आठवड्यात पाहावे.

जिल्हा परिषदेचा स्वनिधी, आमदार स्थानिक विकास निधी आणि खासदार निधी हे पूरक मार्ग आहेत. लोकप्रतिनिधींकडे जाताना नुसते निवेदन न नेता अंदाजपत्रक, पाहणी अहवाल आणि ठरावाची प्रत सोबत न्यावी, म्हणजे त्यांना लगेच शिफारसपत्र देता येते.

वादळ किंवा अतिवृष्टीने नुकसान झाले तर मार्ग वेगळा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक शाळांची छपरे उडाली. अशा वेळी महसूल विभागाच्या पंचनाम्यात घरांबरोबर शाळेची नोंद होणे अत्यावश्यक असते. गावातला प्रत्येक जण स्वतःच्या घराच्या चिंतेत असतो आणि शाळेसाठी तलाठ्याकडे जाणारे कुणी नसते. समितीने हे काम आधीच दोन सदस्यांवर सोपवून ठेवावे.

वेळापत्रक

पाहणी ऑगस्टपर्यंत, अंदाजपत्रक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि प्रस्ताव दिवाळीपूर्वी पंचायत समितीत, असे नियोजन ठेवावे. पुढील वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे साधारणपणे हिवाळ्यात ठरतात, ग्रामपंचायतीचा आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास हाती घेतला जातो आणि समग्र शिक्षेचा आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तयार होतो. मार्चमध्ये दिलेला अर्ज म्हणूनच बहुधा एक वर्ष मागे पडतो. यादीत नाव आले नाही तर अंदाजपत्रक नव्या दरसूचीनुसार सुधारून घेऊन प्रस्ताव पुन्हा सादर करावा.

काम सुरू झाल्यावर आणि उत्तर न मिळाल्यास

कार्यारंभ आदेश आणि अंदाजपत्रकाची प्रत समितीने मागून घ्यावी. अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीचे कामच आहे, त्यामुळे ठेकेदाराने किंवा अन्य कुणी ‘तुमचा काय संबंध’ असे म्हटल्यास कचरू नये. स्लॅब, कोबा आणि जोते ही कामे झाकली जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत. कोब्यावर पाणी साठवून गळतीची चाचणी घेतल्याशिवाय काम समाधानकारक झाल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी देऊ नये. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्च करण्यास पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत असते. त्यामुळे ‘मार्च आला, बिल काढायचे आहे’ या घाईला बळी पडून अर्धवट काम ताब्यात घेण्याचे कारण नाही.

प्रस्तावावर काहीच उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली शिक्षण विभागाकडे आपल्या प्रस्तावाची सद्यःस्थिती, तालुक्यातील मंजूर शाळांची यादी आणि त्यांच्या निवडीचे निकष मागावेत. ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. त्याशिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार बालकाच्या हक्काबाबतची तक्रार लेखी स्वरूपात स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते आणि निर्णय न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीसोबत ठराव, छायाचित्रे, पाहणी अहवाल आणि पोच घेतलेल्या सर्व पत्रांच्या प्रती तारखेच्या क्रमाने जोडाव्यात आणि मूळ कागद शाळेच्या नस्तीतच ठेवावेत, कारण मुख्याध्यापकांची बदली झाली किंवा समितीची मुदत संपली तरी नव्या माणसांना काम तेथूनच पुढे नेता आले पाहिजे.