कार्ब्ज बंद, तेल बंद? आहारातल्या या चुका टाळा

वजन उतरवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड कर्बोदकांवर पडते. आठवडाभरात काटा दोन किलो खाली येतो आणि माणूस खूश! पण यात गेलेलं असतं ते बहुतेक पाणी. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये ४०० च्या आसपास. प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी चिकटलेलं. कर्बोदकं तोडली की साठा उतरतो, पाणी लघवीवाटे निघून जातं. नेहमीचं जेवण सुरू केलं की दोन्ही परत येतात आणि मग ‘मला कार्ब्ज सोसतच नाहीत’ असा ग्रह होतो. चरबी या सगळ्यात फारशी हललेलीच नसते. पहिल्या आठवड्याचा आकडा सोडून द्या, महिनाभर वजन कुठे सरकतंय ते पाहा.

बद्धकोष्ठ सुरू झालं असेल तर धान्यं, कडधान्यं आणि फळांबरोबर चोथा, म्हणजे तंतुमय घटकही, ताटातून गेला, हे कारण असू शकतं. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय घटक हवेत. ते परत आणताना हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगेल आणि दोष पुन्हा कडधान्यांवर जाईल.

साखर सोडून मध किंवा फळांचा रस घेणारेही खूप. जागतिक आरोग्य संघटना या दोन्हींतली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच हिशेबात धरते. हिची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, म्हणजे २००० किलोकॅलरीच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. अख्खं फळ या हिशेबात येत नाही. ते चावून खा.

आता तेल. एक ग्रॅम कर्बोदकांतून ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धांशातून ९. जेवणाचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे जवळपास १२०. बाटलीतून थेट कढईत ओतणाऱ्याला असे किती चमचे गेले, याचा पत्ताच नसतो. तेल ‘चांगलं’ असलं म्हणून हा आकडा कमी होत नाही. मोजायला चमचा वापरा, बस.

याउलट तेल पूर्ण बंद करणंही चूकच. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्लं तर शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत. शिवाय संपृक्त मेद (तूप, लोणी यांत जास्त असणारे) काढून त्याजागी मैदा-साखर भरली, तर हृदयाच्या दृष्टीने हाती फारसं काही लागत नाही. त्याजागी असंपृक्त मेद (शेंगदाणा, सूर्यफूल अशा तेलांत जास्त असणारे) आले तर फायदा दिसतो.

वेष्टनावरच्या मोठ्या अक्षरांना भुलू नका. वनस्पती तेलावर ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ छापण्यात कसली आली बढाई? कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं, वनस्पती तेलात जवळपास नसतंच. ‘लो फॅट’ दिसलं तर तो आणि साधा, असे दोन्ही डबे हातात घ्या आणि १०० ग्रॅमच्या रकान्यातली साखर ताडून बघा. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनेटेड तेल’ असेल तर डबा जागेवर ठेवा. ट्रान्स फॅटचं, म्हणजे हृदयाला घातक मेदाचं, ते घर.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं चालू असतील, तर कर्बोदकं एकदम कमी केल्यावर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. तेव्हा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, ताट नंतर बदला.