जुनी आरएस काढायची की ठेवायची? ठरवण्याआधीची तयारी

माझ्या स्कोडा लॉरा आरएसच्या (लॉरा सेडानची वेगवान आवृत्ती) आरसीवर मुदत आहे फेब्रुवारी २०२७ ची. त्या महिन्यात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील. २०१७ मध्ये वाशीतल्या पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा ही तारीख खूप लांब वाटली होती. आता घरी दर आठवड्याला विषय निघतो. आसपास याच पेचात असलेले बरेच जण आहेत. कुणाकडे पोलो जीटी आहे, कुणाकडे लिनिया टी-जेट, एकाकडे अबार्थ पुंतो. सगळ्यांचा जीव गाडीत अडकलेला आणि सगळ्यांच्या हातात गॅरेजची बिलं. निर्णयापर्यंत पोचण्यासाठी मी जी तयारी करतो आहे ती इथे लिहून ठेवतो.

पहिलं पथ्य म्हणजे बिलाच्या दिवशी काही ठरवायचं नाही. गाडी बंद पडली, टो करून आणली, मिस्त्रींनी आकडा सांगितला, की त्याच संध्याकाळी आपण नव्या गाड्या बघायला बसतो. त्या रागात घेतलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो, कारण तेव्हा आपण एका आजारी गाडीची तुलना शोरूमच्या काचेमागे उभ्या असलेल्या कोऱ्या गाडीशी करत असतो. सस्पेन्शनचे थकलेले रबरी बुश, तीन वर्षं जुनं ब्रेक ऑइल आणि कडक झालेले टायर यांच्यावर कुठलीही गाडी म्हातारीच वाटणार. पावसाळ्यातही ठरवू नका. ऑगस्टमध्ये गायमुखच्या घाटातून आणि मेट्रोच्या कामाने उखडलेल्या घोडबंदर रोडवरून रोज गेलं तर नवीन गाडीचंही सस्पेन्शन वाजू लागतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की आधी गाडी बरी करा, मग ती काढायची का ते ठरवा. त्यात पैसे जातात हे खरं. पण विकायची ठरली तरी बऱ्या गाडीला बरं गिऱ्हाईक मिळतं, आणि ठेवायची ठरली तर ते काम करायचंच होतं.

बरी करायची म्हणजे काय, हे ठरवायला गेल्या पाच वर्षांची बिलं काढा आणि त्यांचे तीन गठ्ठे करा. पहिल्या गठ्ठ्यात टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल, फिल्टर. हा खर्च नवीन गाडीलाही आहे, त्याचा दोष जुन्या गाडीला देऊ नका. दुसऱ्यात वयाचे खर्च, म्हणजे लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, कूलंटचे पाइप, वॉटर पंप, शॉक अ‍ॅब्सॉर्बर. हे आठ-दहा वर्षांतून एकदा येतात आणि सगळे एका सुमारास येतात, म्हणून भीती वाटते, पण एकदा झाले की पुढची बरीच वर्षं बघावं लागत नाही. तिसरा गठ्ठा म्हणजे एकच दुखणं पुन्हा पुन्हा. तीच वायरिंग, तोच सेन्सर, दोनदा बदलूनही गळणारा तोच सील. गाडीविरुद्धचा खरा पुरावा हा तिसरा गठ्ठा. माझ्याकडे तो पातळ निघाला, दुसरा मात्र जाडजूड होता. वर्षानुवर्षं मी सगळ्याची एकच बेरीज करून हळहळत होतो.

आता इंजिन. इथे घाई करू नका, कारण अशा गाडीचा निकाल इथेच लागतो. लॉरा आरएसमध्ये १.८ टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, १६० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, सोबत सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. या पिढीच्या इंजिनाची दुखती नस म्हणजे टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर. तो ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की दाब उतरतो आणि चेन ताणून धरण्याचं काम टेन्शनरच्या दात्यांवर येतं. जुन्या बनावटीच्या टेन्शनरमध्ये ती पकड सुटू शकते. मग चेन सैल पडते, दातावरून उडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. कंपनीने पुढे सुधारित टेन्शनर आणला. तुमच्या गाडीत तो बसवल्याचं बिल आहे का, ते आधी शोधा. बिल नसेल तर टायमिंग कव्हरच्या खालच्या भागातलं रबरी बूच काढून आतला टेन्शनर नवा की जुना ते बघता येतं, आणि स्कॅनरवर कॅमशाफ्टचा कोन वाचून चेन किती ताणली आहे याचा अंदाज येतो. तोवर चढावर नुसती गिअरमध्ये लावून ठेवू नका, हँडब्रेक आधी ओढा. गाडी मागे सरकून इंजिन उलटं फिरणं या चेनला सोसत नाही.

कानानेही तपासा. जानेवारीत, थंडी पडलेल्या एका सकाळी मी साडेपाचला बेसमेंटमध्ये उतरलो. गाडी रात्रभर उभी होती. बॉनेट उघडं ठेवून मुलाला किल्ली फिरवायला सांगितलं आणि स्वतः इंजिनाच्या उजव्या अंगाला कान नेला. सुरुवातीचे दोन सेकंद डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड आली आणि मग एकदम शांत. बेसमेंटमध्ये दुसरा आवाज नव्हता म्हणून ती ऐकू आली. दिवसा रस्त्यावर ऐकू आली नसती. त्याच आठवड्यात गाडी वागळे इस्टेटच्या गॅरेजमध्ये दिली. आमचे मिस्त्री वीस वर्षं याच गाड्या करतात. ते म्हणाले, "साहेब, वेळेत आणलीत. चेन बदलायचा खर्च लाखाच्या आत असतो, उडाली की इंजिनाचा." हा खर्च मी दुसऱ्या गठ्ठ्यात धरला, कारण सुधारित भाग बसल्यावर तो लगेच परत येत नाही.

दुसरी चाचणी ऑइलची. या इंजिनांमध्ये पिस्टन रिंगमुळे ऑइल खाण्याची तक्रार जुनी आहे. सपाट जागी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, इंजिन गरम करून, बंद केल्यावर चार-पाच मिनिटांनी पुन्हा बघा. कंपनीच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खपत चालते असं म्हटलं आहे. त्याच्या वर गेली तर सिलिंडर दाब किती धरतो ते सांगणाऱ्या कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन दोन्ही चाचण्या करून घ्या. रिंग बदलायच्या म्हणजे इंजिन उघडायचं, आणि इंजिन उघडायची वेळ आली असेल तर गाडी काढण्याचा विचार मनापासून करा. डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यांच्यावरून वाहतच नाही. गाडी थंड असताना आयडलला थरथरत असेल तर आधी हे साफ करून घ्या. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून ते व्हॉल्व्ह स्वच्छ करतात.

पेट्रोलचाही विचार करा. सध्या पंपावर सर्वत्र ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि आपल्या या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. मायलेज थोडं उतरतं. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, आणि सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील हाताने दाबून बघायला सांगा.

पार्ट मिळतील का, याची यादी करून दोन दुकानांत फोन लावा. लॉराचं हे इंजिन त्या काळच्या सुपर्बमध्येही होतं, त्यामुळे यांत्रिक भागांची अडचण नाही. आरएसचा पुढचा बंपर, हेडलाइट यांचं मात्र अवघड आहे. लिनिया-पुंतोवाल्यांनी हा फोन सगळ्यात आधी करावा. त्या गाड्या रांजणगावला बनायच्या, पण फियाटने इथून काढता पाय घेतला तेव्हापासून खास टर्बोच्या भागांसाठी वाट बघावी लागते.

पत्र्याकडे आपलं लक्ष जात नाही. खाडीकाठच्या हवेत उंबऱ्याखाली, मागच्या चाकांच्या कमानीत आणि बूटमधल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गंज धरतो. स्टेपनी उचलून बघा, तळाशी पाणी साचलेलं असतं. टायरवरचे चार आकडेही वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर ओल्या रस्त्यावर भरवशाचा नाही.

कागदपत्रांचा हिशेब सोपा आहे, पण वेळेत करा. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांची जी अडचण आहे ती ठाणे-नवी मुंबईत नाही. इथे आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी नमुना २५ भरायचा, मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत. एप्रिल २०२२ पासून कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, पर्यावरण कर त्याहून वेगळा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ती आधी बसवून घ्या. रिपासिंगला जाताना हेडलाइटचा झोत, हँडब्रेक आणि सायलेन्सर कंपनीचे ठेवा. बाहेरचा एक्झॉस्ट बसवला असेल तर मूळचा पुन्हा चढवा. मूळ भाग कधीच भंगारात देऊ नका, विकताना त्यांना किंमत असते.

विम्याच्या बाबतीत एकच गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. गाडी विकली तरी विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन नव्या गाडीच्या हप्त्यात तो वळता करता येतो. एक्स्चेंजमध्ये गाडी देताना हे पत्र मागायचं राहून जातं.

मग नव्या गाडीचा खरा आकडा काढा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के वाहन कर आहे. अठरा लाखांची गाडी घेतली तर २ लाख १६ हजार नुसता कर झाला. माझ्या चेन, बुश आणि वॉटर पंपाचं सगळं बिल त्याहून कमी आलं. याचा अर्थ जुनी ठेवाच असा नाही, पण "एवढे पैसे जुन्या गाडीत कोण घालतं" असं कुणी म्हणालं की हा आकडा समोर ठेवावा.

बदली घ्यायचं ठरलं तर काय मिळतं, हेही मोकळेपणाने बघा. मनातली गाडी आणि खिशातली गाडी यांत अंतर पडलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस आली, २६५ पीएसची, पण आयात केलेल्या फक्त शंभर गाड्या आणि एक्स-शोरूम किंमत पन्नास लाखांच्या घरात. माझ्यासारख्यासाठी पर्याय उरतो व्हर्टस किंवा स्लाव्हियाचं १.५ टीएसआय, १५० पीएस आणि तेच २५० न्यूटन मीटर, नाहीतर व्हर्नाचं टर्बो, १६० पीएस आणि २५३. कागदावर आकडे जवळपास जुळतात. मॅन्युअल गिअर हवा असेल तर शोरूमला जाण्याआधीच तो व्हेरियंट सध्या मिळतो का ते फोनवर विचारून घ्या. एक गोष्ट मात्र नव्या गाड्यांच्या बाजूने ठामपणे मांडतो. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत या तिन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले. मागच्या सीटवर मुलं बसत असतील तर माझ्या लेखी या मुद्द्याचं वजन इंजिनाच्या आवाजापेक्षा जास्त आहे.

गाडीचा वापर एक महिना वहीत लिहा. मी लिहिला. कासारवडवली ते ऐरोली ऑफिस, रोज पहिला-दुसरा गिअर आणि माजिवड्याला क्लचवर पाय. ज्या गाडीसाठी जीव तुटतो ती गाडी महिन्यात दोनदाच भेटली, रविवारी पहाटे जुन्या हायवेने खोपोली आणि बोरघाट. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना टर्बो भरतो आणि स्टीअरिंग हातात जड होतं, ते मला अजून हवं आहे. पण त्या दोन पहाटांसाठी रोजचे दोन तास तिला ट्रॅफिकमध्ये झिजवायचं का, हा प्रश्न वहीनेच पुढे केला. यातून तिसरा पर्याय निघतो, तो म्हणजे रोजच्यासाठी लहान ऑटोमॅटिक घ्यायची आणि आरएस ठेवायची. त्यासाठी सोसायटीत दुसरं पार्किंग मिळेल का हे आधी कमिटीला लेखी विचारा. आमच्याकडे प्रतीक्षा यादी आहे. आणि घरच्यांना विचारा. आईचे गुडघे दुखतात, तिला लॉरात बसताना दाराला धरून खाली जावं लागतं. तिने कधी तक्रार केली नाही, मीच उशिरा बघितलं.

विकायची झाली तर किंमत तीन ठिकाणी विचारा, एखाद्या ऑनलाइन कंपनीकडे, शोरूमच्या एक्स्चेंजला आणि आरएस वापरणाऱ्या माणसांत. पहिल्या दोघांना ती पंधरा वर्षांची सेडान दिसते, तिसऱ्याला ती काय आहे ते कळतं. व्यवहार कुणाशीही होवो, मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सही, दिनांक आणि वेळ घातलेली डिलिव्हरी नोट, खरेदीदाराच्या आधारची प्रत, आणि त्याच दिवशी फास्टॅग बंद. गाडी नावावर चढल्याची नोंद परिवहनच्या साइटवर स्वतः बघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. माझी आधीची गाडी एका दलालाने आठ महिने नावावर केली नव्हती आणि पुण्यातले चलन माझ्या फोनवर येत राहिले.

माझी चेन, बुश, पंप झाले आहेत. ऑइलच्या नोंदीत ६४० किलोमीटर झालेत आणि डिपस्टिकवर पातळी जेमतेम उतरली आहे. शनिवारी व्हर्टसची टेस्ट ड्राइव्ह ठरली. मी सकाळी सातची वेळ मागितली होती, शोरूमने अकराची दिली. म्हणून अकरा ते साडेअकरा व्हर्टस, आणि लगेच बारा वाजता त्याच कापूरबावडी-पातलीपाडा रस्त्यावर, त्याच गर्दीत, माझी आरएस. सोबत आईला घेऊन जातो आहे, दोन्ही गाड्यांत मागच्या सीटवर.