पंचगंगेचा घाट कापडात: फोटोवरून भिंतीवरची वाकळ

फोटोवरून वाकळ (गोधडी) करायची म्हटली की पहिली चूक फोटो निवडतानाच होते. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरचा भगवा सूर्यास्त मोबाइलवर देखणा दिसतो, पण कापडात तो बहुतेक वेळा फसतो. त्याची सगळी मजा रंग एकमेकांत विरघळण्यात असते आणि कापडाला विरघळणं जमत नाही. जिथं कापलं तिथं ते संपतं. वाकळीला ठसठशीत उजेड-सावलीचे तुकडे लागतात. म्हणून इथं कोल्हापुरातलाच पंचगंगा नदीचा घाट घेतलाय: दगडी पायऱ्या, लहान देवळं, दीपमाळ आणि खाली पाणी.

फोटो तिरप्या उन्हात काढा. पायरीची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद दिसली पाहिजे. भर दुपारी तोच घाट पाटीसारखा सपाट येतो. मोबाइलचं एचडीआर बंद ठेवा, कारण ते सावल्या उजळवतं आणि आपल्याला नेमक्या सावल्याच हव्या असतात. उजळ भागावर बोट टेकवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. पाण्याची रेघ आडवी सरळ हवी. फोटोत लक्षातही न येणारा कल भिंतीवर टांगल्यावर डोळ्यांत खुपतो. पहिल्यांदाच करत असाल तर पावसाळ्यात, पाणी चढून देवळं अर्धी बुडालेली असताना शिवाजी पुलावरून काढलेला फोटो सोपा. पायऱ्या पाण्याखाली, म्हणजे निम्मं काम कमी.

आता फोटोचा नकाशा. फोटो कृष्णधवल करा आणि एडिटिंग ॲपमध्ये ‘पोस्टराइज’ वापरून ५ छटांवर आणा. ही सोय नसेल तर कॉन्ट्रास्ट वाढवा आणि डोळे बारीक करून बघा. जे उरतं ते तुमचं चित्र. ४:३ मापाचा फोटो २० × १५ इंचांत ए-२ कागदावर मावतो, कडेला थोडी जागाही राहते. दोन प्रती काढा: एक कापायला, एक भिंतीवर लावून बघायला. कापायच्या प्रतीवर प्रत्येक आकारात छटेचा आकडा लिहा, १ सर्वांत उजळ, ५ सर्वांत गडद.

याच वेळी खोडरबर हातात घ्या. विजेच्या तारा, बोर्ड, कठड्यावरचे कपडे, सगळं काढा. माणूस ठेवायचाच असेल तर एकच, आणि किमान दीड इंच उंच. १ सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडा कापूच नका, तो नंतर दोऱ्याने काढता येतो. काय गाळायचं हे कळत नसेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहमान यांची निसर्गचित्रं बघून या. शाहू महाराजांच्या दरबारातल्या या चित्रकाराने रंकाळा, कोटितीर्थ पुन्हा पुन्हा रंगवलं. तिथं रंगांपेक्षा उजेड कुठून येतो ते बघा.

कापड

नवं कापड फार कमी लागतं. पायासाठी मांजरपाट २४ × १९ इंच, अस्तर २६ × २१ इंच आणि वेगवेगळ्या छटांचे १५-२० तुकडे. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या, धोतर, शर्ट उत्तम. छापील साडीची उलटी बाजू फिकी असते, म्हणजे एकाच कापडात दोन छटा फुकट मिळतात. लांबच्या झाडांना उलटी, जवळच्यांना सुलटी. इरकलमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण सूतच रंगवलेलं असतं.

पाण्यासाठी खण घ्या. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे तुकडा आडवा लावला की एक झाक, उभा लावला की दुसरी. पण खणाच्या दशा फार निघतात. कापण्याआधी मागे एका बाजूने चिकटणारं पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारा थर) लावाच. हल्लीच्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो, तेव्हा इस्त्री आधी कोपऱ्यावर टेकवून बघा.

सगळं कापड आधी धुवा. गडद लाल, निळा, काळा यांवर ओलं पांढरं फडकं ठेवून इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा बाजूला. मग सगळे तुकडे छटेनुसार ओळीत मांडून मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. इथं बहुतेकांना धक्का बसतो: डोळ्यांना पूर्ण वेगळे दिसणारे लाल आणि हिरवा फोटोत एकच करडा होतात. देऊळ लाल आणि मागची झाडी हिरवी अशी जोडी घेतली, तर लांबून देऊळ झाडीत बुडतं. रंग कोणताही घ्या, छटा चुकवू नका. देवळाचा दगड जांभळा केला तरी चालतो, बघणाऱ्याला तो दगडच वाटतो.

जुळवणी

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या, कागद असलेल्या फ्यूजिंगवर आकार गिरवताना तो आरशातल्यासारखा उलटा गिरवावा लागतो. हे विसरलं की दीपमाळ घाटाच्या भलत्याच टोकाला जाते. नकाशा खिडकीच्या काचेवर पालथा धरून गिरवा. प्रत्येक तुकड्याची जी कड दुसऱ्याखाली जाणार, तिथं पाव इंच जादा ठेवा. आभाळ आणि पाण्याच्या मोठ्या पट्ट्यांना हे दुहेरी चिकटणारं फ्यूजिंग लावू नका (खणामागचं पातळ चालेल), नुसत्या कच्च्या टाक्यांनी पायावर धरा. तिथं पुढे हाताने धावदोरा घालायचा आहे आणि फ्यूजिंगच्या थरांतून सुई नीट जात नाही.

लांबचं आधी, जवळचं शेवटी: आभाळ, पलीकडची झाडी, पाणी, पायऱ्या, देवळं, दीपमाळ. सगळं मांडून झाल्यावरच इस्त्री फिरवा, नव्हे, दाबा. फिरवली की तुकडे सरकतात. गडद कापडावर फिकी मलमल ठेवली तर खालचा रंग डोकावतो, तिच्याखाली पांढऱ्या कापडाचा एक थर द्या. पाण्यातल्या प्रतिबिंबाचा नियम सोपा आहे: उजळ वस्तूचं प्रतिबिंब एक छटा गडद, गडद वस्तूचं एक छटा उजळ. २ नंबरच्या देवळाखाली ३, ५ नंबरच्या सावलीखाली ४.

टाके

भरणासाठी जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात आणि भिंतीवर सपाट बसतात. पॉलिस्टरचं भरण फुगतं आणि इस्त्रीखाली दबून जातं. अस्तर, भरण आणि वरचा थर एकत्र करून दर ४ इंचांवर सेफ्टी पिन लावा. बऱ्याच वाकळींत टाके कडेने सुरू होऊन आत जातात. इथं उलटं करा, मध्यापासून बाहेर, नाहीतर ढिलं कापड मध्ये अडकून चुणी पडते.

मशीनवर १४ नंबरची सुई आणि डार्निंग फूट लावा, कापड सरकवणारे दात खाली करा. टाका २ ते अडीच मिलिमीटर. हात भरभर आणि पाय हळू झाला की टाके लांबतात, उलट झालं की एकाच जागी साचतात. खाली दोऱ्याचा गुंता झाला तर टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्या पिळत बसू नका. आधी फूट खाली पाडलाय का ते बघा. हा फूट कापडाच्या किंचित वर तरंगतो, त्यामुळे खटका वर राहिलेला कळत नाही आणि चकत्या उघड्याच राहतात.

टाक्यांची दिशा आकाराला घडवते. दीपमाळेवर सरळ उभ्या रेघा मारल्या तर ती फळीसारखी दिसते. किंचित खाली वाकलेल्या आडव्या कमानी मारा, ती लगेच गोल होते. पायऱ्यांवर पाव इंच अंतराने आडव्या रेघा. पाण्यावर हातानेच तुटक धावदोरा, टाके मुद्दाम लहानमोठे.

दाट टाक्यांनी कापड आकसतं. देवळावर गच्च शिवण आणि आभाळ मोकळं ठेवलं, तर आभाळाला झोळ येतो. झोळ आलाच तर आभाळातही दर अर्ध्या इंचावर धावदोऱ्याची ओळ घाला. मग वाकळ पाणी शिंपडून ओलसर करा, पाटावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा, आणि त्यानंतरच कडा काटकोनात कापा. अर्धा-एक इंच माप घटलेलं असेल, म्हणून गोटाची (कडेला गुंडाळून शिवायची) पट्टी त्याआधी कापायची नाही. गोटाला अडीच इंच रुंद, एकूण ८० इंच पट्टी पुरते. टांगण्यासाठी मागे वरच्या कडेला ४ इंचांचा नेफा हाताने शिवा. टाके पुढे दिसता कामा नयेत.

पश्चिमेचं ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नका, जुन्या साड्यांचे रंग लवकर उडतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवरून काढून ठेवायची असेल तर घडी न घालता, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा आणि वरून सुती कापड बांधा, प्लास्टिक नको.