टारचा बॅकअप फेल होतोय? शेवटची ओळ सोडा, वरच्या वाचा

महापे, रबाळे, वागळे इस्टेट, कुठल्याही छोट्या ऑफिसात जा, कोपऱ्यात एक लिनक्सचं मशीन धूळ खात चालू असतं, रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) टार (फाईली एकत्र बांधून एकच फाईल करणारी कमांड) मारतो आणि सकाळी ते बघायला कोणाला वेळ नसतो. बॅकअप बोंबललाय हे कळतं थेट अकाउंटवाल्याला मागच्या महिन्याची फाईल हवी असते तेव्हा.

टार फेल झालं की शेवटी छापतं, ‘एक्झिटिंग विथ फेल्युअर स्टेटस ड्यू टू प्रीव्हियस एरर्स’. लोक हीच ओळ गुगलवर टाकतात, पण तिच्यात काहीच नसतं हो, खरं कारण त्याच्या वर कुठेतरी असतं आणि व्हर्बोज (प्रत्येक फाईलचं नाव छापणारा पर्याय) चालू असेल तर हजारो फाईलींच्या नावांत गडप होतं. म्हणून सगळ्यात आधी व्हर्बोज काढा, एरर वेगळ्या लॉग फाईलमध्ये वळवा आणि परत चालवा.

आता लॉग बघा. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर बॅकअपचा युजर तपासा. ‘रिमूव्हिंग लीडिंग स्लॅश’ दिसलं तर घाबरू नका, ती एररच नाही. ‘फाईल चेंज्ड ॲज वी रेड इट’ म्हणजे टार वाचत असतानाच कोणीतरी फाईलमध्ये लिहीत होतं, एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो निकालाचा आकडा) १ येतो. साधी लॉग फाईल असेल तर चालतं, पण चालू मायएसक्यूएल डेटाबेसचं डेटा फोल्डर असेल तर त्या बॅकअपवर अजिबात भरवसा ठेवू नका, आधी मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची फाईलमध्ये उतरवलेली प्रत) काढा आणि मग त्याचं टार करा. कोड २ आला तर मात्र काहीतरी खरंच राहिलंय.

हाताने चालतं पण क्रॉनमधून नाही? बहुतेक वेळा पाथची (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीची) भानगड असते, कमांडचा पूर्ण पाथ द्या. दुसरं कारण भारी चकवतं: फाईलच्या नावात तारीख यावी म्हणून क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) % टाकतो, पण क्रॉनला % म्हणजे नवीन ओळ, तिथेच कमांड तुटते. % च्या आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर सगळं स्क्रिप्टमध्ये टाका.

बॅकअप उघडताना ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ’ (फाईल मध्येच संपली) आलं की बॅकअपची फाईल अर्धवट आहे. लाईट गेली असेल, डिस्क भरली असेल (डीएफ कमांड मारून उरलेली जागा बघा, आयनोड म्हणजे फाईलींच्या नोंदींची जागासुद्धा), किंवा पेन ड्राईव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जातच नाही, त्यामुळे साईज नेमकी ४२९४९६७२९५ बाइट दिसली तर पुढे शोधायची गरज नाही, ड्राईव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये करा किंवा स्प्लिट कमांडने तुकडे पाडा. फॉरमॅट करण्याआधी आतला माल काढून घ्या म्हणजे झालं.

तुटलेल्या जीझेड (जीझिपने दाबून लहान केलेल्या) फाईलमधूनही बरंच निघतं. तिची कॉपी करा, रिकाम्या फोल्डरमध्ये जा, जीझिपला मायनस डीसी (-dc) देऊन पाईपमधून (|) टारच्या एक्स्ट्रॅक्टला जोडा. जिथे तुटलीय तिथपर्यंतच्या फाईली बाहेर येतील, शेवटची निघालेली तेवढी उघडून बघा, ती बहुतेक अर्धीच असते.