ज्वारी काढणीच्या गडबडीत जनावरांच्या आणि रानाच्या बाबतीत या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्या सोलापूर भागात कुणाला दम खायला वेळ नसतो, ज्वारी काढायची, हरभरा मळायचा, कडबा घरी आणायचा, मजूर मिळत नाहीत, आणि यात गोठ्याकडं बघायचं राहून जातं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ज्वारी निघालेल्या रानात जनावरं मोकळी सोडणं. कोरडवाहू ज्वारी आपण उपटूनच काढतो त्यामुळं तिथं एवढी भीती नसते, पण विहिरीजवळच्या पट्ट्यात विळ्यानं कापली किंवा हुरड्यासाठी कणसं आधी मोडली की धसकटाला, म्हणजे रानात राहिलेल्या बुडख्याला, कोवळे पोपटी फुटवे येतात. त्यात सायनाइडचं विष असतं, पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यात तर जास्तच. यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. तीन वर्षांपूर्वी आमची गाभण खिलार कालवड दावं तोडून असल्याच पट्ट्यात शिरली, अर्ध्या तासात धापा टाकायला लागली, तोंडाला फेस, मागचे पाय लटपटायलेत, ओठ उचलून बघितलं तर हिरड्या लालभडक. डॉक्टर शेजारच्या वस्तीवरच होते म्हणून शिरेतून इंजेक्शन वेळेत मिळालं आणि ती वाचली, नाहीतर आज हे लिहायला हात उचलला नसता. असं दिसलं की जनावर लगेच रानाबाहेर काढा आणि डॉक्टरांना फोन करा, नाहीतर जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या सरकारी नंबरला लावा. गूळपाणी पाजतात लोक, पण लटपटणाऱ्या जनावराला जबरदस्तीनं पाजू नका, पाणी फुफ्फुसात जातं. नीट वाळलेल्या कडब्याला मात्र ही भीती फारशी नसते.

आता कडब्याचं. पेंढ्या अर्ध्याओल्या असतानाच गंज रचायची घाई करू नका, आतून गरम होऊन बुरशी धरते आणि काळा पडलेला कडबा गाय हुंगून सोडते. गंजीखाली दगड-लाकडं टाकून बूड जमिनीपासून उचला, माथा उतरता ठेवा म्हणजे अवकाळीचं पाणी निथळून जातं. आणि विजेच्या तारेखाली गंज लावूच नका, वाऱ्यात तारा घासून ठिणगी पडली की वर्षाची वैरण डोळ्यासमोर जाते. दावणीत अख्खी पेंढी टाकायची सवय सोडा, कुट्टी म्हणजे बारीक तुकडे करून टाका, नाहीतर खालची जाड धाटं सगळी पायाखाली.

नांगरट लांबवू नका, काळ्या रानात ओल गेली की एवढाली ढेकळं निघतात की रोटाव्हेटरलाही फुटत नाहीत. शेणखत मात्र आत्ताच पसरून उन्हात ठेवू नका, त्यातलं नत्र उडून जातं, आणि अर्धकच्चं खत टाकलं तर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आयतं घर.

लाळ्या-खुरकूतची लस चुकवू नका. दोन दिवस दूध कमी होतं म्हणून नको म्हणणारे आमच्या गावातही आहेत, पण रोग आला तर महिनाभर दूध जातं आणि वासरं दगावतात ती वेगळीच.

पाण्याचं तर कुणी मोजतच नाही. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात दिवसाला ८० लिटरच्या आसपास सहज लागतं, आणि उघड्या सिमेंटच्या टाकीतलं दुपारचं तापलेलं पाणी ती तोंड लावून सोडते. टाकीवर पाचटाचं छप्पर घाला, आणि पहाटे-संध्याकाळी ताजं पाणी भरा.