सी येते, पण वापरायची कुठं? मोटारीच्या स्टार्टरपासून सुरू करा

डिप्लोमाला नाहीतर बीसीएला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून होते, प्राइम नंबर आणि स्टारचे पिरॅमिड पाठ होतात, पेपर झाला की सगळी पोरं पायथॉनच्या क्लासला. आणि वर ऐकवणार की सी आता कोण वापरतंय! भावा, तुझ्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी जो लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, आहे तो मुख्यतः सीमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज ज्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठतात ती सीमध्ये, आणि ज्या पायथॉनची फी भरलीस तो नेहमीचा पायथॉनसुद्धा सीमध्येच लिहिलाय. डेनिस रिचीनं बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास ही भाषा केली, १९७३ ला युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल तिच्यात परत लिहिला गेला आणि तेव्हापासून जिथं मेमरी कमी, वेळ मोजून आणि हार्डवेअरला थेट हात घालायचाय तिथं हीच चालते.

आता अशी जागा कोल्हापुरात शोधायला लांब जायला नको. उद्यमनगरात, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम चालतं तिथं जाऊन बघा, टायमर, टेंपरेचर कंट्रोलर, इन्व्हर्टर, असल्या डब्यांच्या आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला बारका कॉम्प्युटर, असतो आणि त्यातला प्रोग्रॅम बहुतेक वेळा सीमध्येच असतो. शेताकडं गेलात तर मोटारीच्या पेटीतला इलेक्ट्रॉनिक ऑटो स्विच, तोही त्याच जातीचा.

सुरुवात कशी करायची ते सांगतो. पहिलं म्हणजे कॉलेजातला निळ्या स्क्रीनचा टर्बो सी बंद करा. लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा) टाका, लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घेऊन त्यात क्लँग हा कंपायलर टाका, फुकट आहे आणि चालतंय मस्त. कंपाइल करताना वॉर्निंग सगळ्या चालू ठेवायच्या, त्या वाचायच्या, निम्मं शिक्षण तिथंच होतं. मग एक अर्डुइनो उनो आर३ घ्या, हा शिकायला सोपा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. त्यात प्रोग्रॅमला ३२ केबी जागा आणि रॅम फक्त २ केबी, म्हणजे एक साधा फोटोसुद्धा मावणार नाही. तिथली भाषा नावाला सी प्लस प्लस आहे, पण आपल्या कामापुरतं तुम्ही सीच लिहिणार.

पहिलं काम हे घ्या: लाइट आली की मोटार लगेच सुरू न करता एक मिनिट थांबून सुरू करायची. उसाला पाणी पाजणाऱ्या कुणालाही विचारा हे कशाला. लाइट आल्या आल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज बसतं, आणि त्यात एखादा फेज आला नसेल तर वाइंडिंग जळायचा धोका.

लिहायला सोपं वाटतं, डिले म्हणजे थांबायची आज्ञा, तिच्यात ६० गुणिले १००० मिलिसेकंद टाकले की झालं. नाही होत! या उनोवर इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा टाइप, २ बाइटचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं, ६० आणि १००० दोन्ही इंट म्हणून त्यांचा गुणाकारही इंटमध्येच होतो, तो ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे जागेत न मावून, उणे ५५३६ येतो, आणि डिलेला लागतो बिनउणे चिन्हाचा ३२ बिटांचा आकडा, त्यामुळं त्या उण्याचा होतो ४२९ कोटींच्या वर. म्हणजे मोटार जवळपास ५० दिवसांनी सुरू होणार, तोवर ऊस वाळला. उपाय एवढाच की ६० ला चिकटून यूएल लावायचं (60UL), मग गुणाकार अनसाइन्ड लाँगमध्ये, म्हणजे त्याच बिनउणे ३२ बिटांच्या टाइपमध्ये, होतो. गंमत म्हणजे हाच प्रोग्रॅम ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर बिनतक्रार चालतो, कारण तिथं इंट ४ बाइटचा. म्हणून तोंडी परीक्षेत "इंट किती बाइटचा" याचं ठोकून एकच उत्तर देणारा मला पटत नाही. साइज पक्की पाहिजे असेल तर एसटीडीइंट (stdint.h) हेडरमधले टाइप वापरा.

पुढची पायरी, डिले काढूनच टाका. डिले चालू असताना बोर्ड लूपमधलं, म्हणजे सतत फिरणाऱ्या मुख्य प्रोग्रॅममधलं, दुसरं काही बघत नाही, फेज गेला तरी ढिम्म. त्याऐवजी मिलिस वापरा, ते बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देतं, पण आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून तुलना करा. सुरुवातीच्या वेळेत मिनिट मिळवून तुलना केली तर मिलिसचा काटा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो त्या वेळी गणित चुकू शकतं, वजाबाकीत ते चुकत नाही. दोन्ही आकडे अनसाइन्ड लाँग पाहिजेत तेवढं बघा. आणि चिपमधला वॉचडॉग टायमर चालू करा, प्रोग्रॅम कुठं अडकला तर बोर्ड आपोआप रिसेट होतो, रात्री बाराला शेतात कोण जाणार रिसेट दाबायला.

हे जमलं की करंट सेन्सर जोडून ड्राय रन, म्हणजे पाण्याविना मोटार फिरणं, बघता येतं. विहिरीतलं पाणी संपलं की मोटारीवरचा लोड कमी होतो, करंट पडतो, तो ठरलेल्या आकड्याच्या खाली काही सेकंद सलग राहिला तरच बंद करायची. सलग म्हणतोय, एका रीडिंगवर बंद करू नका, नाहीतर उगाच ट्रिप होत बसेल.

सीमध्ये काय करू नका तेही सांगतो. दुकानाचं बिलिंग, वेबसाइट, दूध संस्थेचा हिशेब, यासाठी सी म्हणजे नसता ताप. तिथं पायथॉन, पीएचपी, जावा घ्या, काम लवकर होतंय. सीमध्ये स्ट्रिंगची जागा स्वतः मोजायची, ॲरेच्या बाहेर लिहिलं तरी बऱ्याचदा कुणी अडवत नाही, दुसरंच काहीतरी बिघडतं आणि शोधत बसा.

टेस्टिंग करताना मोटार नकोच. आधी रिलेच्या (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू बंद होणाऱ्या स्विचच्या) जागी एलईडी, फेज सेन्सरच्या जागी साधा स्विच, तो चालू बंद करून बघा. मग रिले आणि त्यावर बल्ब. थ्री फेजच्या पेटीत हात मात्र वायरमननंच घालायचा. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा मोठा स्विच, पडताना जो विजेचा झटका येतो त्यानं बोर्ड रिसेट होऊ शकतो, म्हणून बोर्डाचा सप्लाय वेगळा घ्या आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलला स्नबर (झटका शोषणारा भाग) लावायला त्यालाच सांगा.